तीन तोंडांच्या राणीचा निरोप

मंगळवारी सकाळी माझ्या सुनेने चपला घातल्या, पिशवी खांद्याला अडकवली, दारात वळून "जाते, आई" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी मशीनवर होते. कोणाच्या तरी पँटीची चेन बदलत होते. पायडलवरचा पाय थांबला तो थांबलाच.

यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. शिकलेली माणसं तर नक्कीच म्हणतील. त्यांच्याकडे शब्द ढिगाने असतात, चार इकडे सांडले चार तिकडे सांडले तरी त्यांना कळत नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. माझ्याकडे शब्द मोजके, म्हणून मी ते जागच्या जागी ठेवते. घरातून बाहेर पडताना माणूस 'येतो' म्हणतो, बाई 'येते' म्हणते. मग कोपऱ्यावर सुईदोरा आणायला निघालेली असो नाहीतर समुद्रापलीकडे. आणि मागे राहिलेला म्हणतो, 'ये.' हे शिकवावं लागत नाही, दुधाबरोबर पोटात जातं. एकदा आमच्याकडे चोर शिरला होता. मी कात्री घेऊन धावले, तो जिन्यावरून उड्या मारत पळाला. पण 'जातो' असं तोही म्हणाला नाही.

माझा मुलगा चार वर्षांपूर्वी दवाखान्याच्या गाडीत चढताना "येतो गं आई" म्हणाला होता. आला नाही. म्हणजे त्या शब्दाला बांधून माणूस परत आणता येतो असं मला वाटतं, असं कोणी समजू नये. मी अडाणी आहे, खुळी नाही. पण तो 'येतो' म्हणाला. एवढं माझ्यापाशी आहे.

आणि त्याची बायको मला तोंडावर 'जाते' म्हणून गेली.

ती पँट त्या दिवशी बिघडली. चेन उलटी बसली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन, मागच्या खोलीत सुनेचं. मी लोकांचे कपडे कमी-जास्त करते. ती कार्टून काढते, लहान मुलांची चालती-बोलती चित्रं. दर आठवड्याला एक भाग. तीन पोरं आणि एक कान तुटलेला कुत्रा असतो, आणि दर भागात त्यांच्यावर काहीतरी कोसळतं. एकदा पूर आला, एकदा सगळ्या गावाला झोप लागली. या खेपेला परग्रहावरची फौज चालून आली होती.

तिच्या फौजेची एक राणी होती. हिरवी, आडव्या अंगाची, डोक्यावर शिंगांऐवजी दोन चमचे, आणि तोंडं तीन. एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

"तीन कशाला?" मी विचारलं होतं.

"भीती वाटायला हवी ना, आई."

"एका तोंडाची सासू पुरली नाही वाटतं."

हसली होती तेव्हा. हसली की मान खाली घालते, लाजल्यासारखी. माझ्या मुलाने तिला घरी आणली तेव्हापासूनची सवय आहे.

या तीन तोंडांनी तिचा जीव काढला होता. कारण चित्र बोलतं म्हणजे काय, तर अक्षरागणिक त्याचं तोंड काढावं लागतं. 'आ'चं उघडं, 'ओ'चं गोल, 'म'चं मिटलेलं. ती टेबलावर छोटा आरसा ठेवते, स्वतःच्या तोंडाने शब्द बोलते, आरशात बघते आणि तसं काढते. राणीचा प्रत्येक शब्द तीनदा. बंद दारामागून मला दिवसभर ऐकू यायचं, "शरण या... शरण या... शरण या." पहिल्या दिवशी मला वाटलं मला म्हणते आहे.

राणीची यानं आकाशातून उतरतात तेव्हाचा खडखडाट माझ्या मशीनचा आहे. गेल्या महिन्यात सून एक दिवस तिचा काळा माईक घेऊन आली, मशीनजवळ धरला आणि म्हणाली, "चालवा, आई, जोरात." मी चालवलं. त्या दिवशी नंतर आमचं जरा वाजलंही होतं. घर म्हटलं की भांडी वाजतात.

तर मंगळवारची गोष्ट. संध्याकाळी ती परत आली. आलीच ती. भाजी, पाव, भिंगरीचे रंगखडू असं सगळं घेऊन. भिंगरी म्हणजे माझी नात, नऊ वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसत नाही म्हणून मी भिंगरी म्हणते. मी सुनेकडे बघत राहिले. तिने चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला, साखर बरोबर होती. म्हणजे चुकून म्हणाली असेल, असं मी धरलं. जीभ आहे, घसरते.

बुधवारी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"धूळ झटकायला."

बॅगेची धूळ झटकायला बॅग खाली काढणारी बाई मी तरी आजवर पाहिली नव्हती. मशीनवर बसले, उठले, पाणी प्यायले, खिडकी उघडली, खिडकी लावली. एका शर्टाची झिजलेली कॉलर उलटायची होती. उलटली, आणि विसरून परत उलटली. गिऱ्हाईक आलं तर जुनीच बाजू वर. "मावशी, काय केलंत?" म्हणाला. "तुझ्या कॉलरीत उलटण्यासारखं काही राहिलंच नव्हतं," मी म्हणाले.

दुपारी भिंगरी शाळेतून आली. फ्रॉकची शिवण उसवलेली. टाका घालून घेताना एका पायावर नाचत होती.

"आजी, तुला पोहता येतं?"

"नाही. नीट उभी राहा, सुई टोचेल."

"मला येणार आहे. त्या शाळेत तलाव आहे, शाळेच्या आत!"

"कुठल्या शाळेत?"

भिंगरी नाचायची थांबली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून म्हणाली, "आई म्हणाली, आजीला मीच सांगणार आहे. तू ऐकलंच नाहीस असं समज."

"मी ऐकलंच नाही," मी म्हणाले. सुई माझ्याच बोटात गेली होती.

बाकीचं मी काढून घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीकडून गोष्ट काढून घ्यायला काय लागतं? मोठ्या शहरात, आठ तासांच्या वाटेवर, त्या कार्टूनवाल्यांचं मोठं ऑफिस आहे. तिथे सुनेला बोलावलंय. हाताखाली सहा माणसं. हा परग्रहाचा भाग शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचा, आणि त्याबरोबरच हो की नाही ते कळवायचं. आणि मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

विचारायचं होतं एवढंच, की 'जाते आहेस का?' सरळ प्रश्न. पण तो शब्द मी माझ्या तोंडाने कसा काढू? आणि मी विचारावं कशाला? मी मोठी. तिने येऊन सांगावं. मी बुधवारभर आणि गुरुवारच्या सकाळभर तिच्या येण्याची वाट बघत कान टवकारून बसले. खुर्ची सरकली की वाटे, आली. पण ती पाणी प्यायला यायची. एकदा आली, माझ्यासमोर उभी राहिली, "आई..." म्हणाली. मी पायडल जोरात मारलं. मला वाटलं, आत्ता नको. ती म्हणाली, "काही नाही," आणि परत आत गेली.

गुरुवारी दुपारी मात्र खरंच आली, ती भलतंच घेऊन.

"आई, तुमचा घसा कसा आहे?"

"घशाला काय धाड भरली आहे? का?"

"राणीचा आवाज देणाऱ्या बाईंचा घसा बसलाय. बाकी सगळं त्यांचं झालंय, फक्त शेवटचं वाक्य राहिलं. साहेबांनी शेवट बदलायला लावला ना. उद्यापुरता कच्चा आवाज कोणाचा तरी हवा, तोंडं जुळतात का बघायला. नंतर त्यांचा घालतील."

"म्हणजे मी ठिगळ."

"तात्पुरतं," ती म्हणाली. मग हळूच, "ठिगळ लावण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."

गोड बोलून काम करून घेणं तिला येतं. मी उठले.

आवाज घेतात कुठे, तर कपाटात! मला ठाऊक होतं, पण मी आत कधी गेले नव्हते. तिच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट. कपडे लटकलेले असले की आवाज घुमत नाही म्हणे, कपडे तो गिळतात. त्यात माझ्या मुलाचे कोट आहेत. पाच. सगळे मी शिवलेले. चार वर्षांत मी त्या कपाटाला हात लावला नव्हता, आणि ही बाई रोज त्या कोटांत तोंड घालून परग्रहाचं काम करते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एका कोटाच्या खांद्यावर धूळ नव्हती. बाकीच्यांवरही नव्हती.

मी आत उभी राहिले. पुढ्यात माईक. तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. मला वाचता येतं. बोट ठेवून वाचते, पण येतं. गोष्ट तिने समजावून सांगितली: यानं उतरली आहेत, राणी पाण्याच्या टाकीवर बसली आहे, गाव घाबरलंय. पोरं गच्च्यांवर आरसे मांडतात. राणीला आरशात आपलीच यानं दिसतात, तिला वाटतं दुसरीच कुठली तरी फौज आपल्यावर चालून आली. ती घाबरते, हरते. यानं वळतात. जाता जाता राणी मागे बघते आणि म्हणते...

"बोला, आई."

मी बोट ठेवलं. "पृथ्वीच्या पोरांनो, तुम्ही जिंकलात. येतो आम्ही."

"छान. फक्त 'जातो' आहे ते. 'जातो आम्ही.' पुन्हा."

"पृथ्वीच्या पोरांनो, तुम्ही जिंकलात. येतो आम्ही."

भिंगरी पलंगावर बसून ऐकत होती. ती खिदळली.

"आई, 'जातो'," सून म्हणाली.

"तेच म्हटलं मी."

"नाही म्हटलं. ऐकवू?" तिने ऐकवलं. माझाच आवाज, कोणीतरी मडक्यातून बोलावं तसा. येतो आम्ही.

तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा मी 'जा' पाशी थांबले आणि पुढे काहीच आलं नाही. पाचव्यांदा 'जेतो' झालं. भिंगरी गडाबडा लोळायला लागली.

"अगं, निघताना असं कोणी म्हणतं का?" मी म्हणाले. "राणी आहे ना ती? चांगल्या घरची असेल."

"ती हरली आहे, आई! ती परत येणार नाहीये. 'येतो' म्हटलं तर बघणाऱ्या पोरांना वाटेल पुन्हा हल्ला होणार. शिवाय 'जा'ची तोंडं काढून झालीत. जबडा खाली, तिन्ही. 'ये'ला तोंड वेगळं होतं." तिने कपाळ चोळलं. "एक शब्द आहे हो. साधा शब्द."

"साधा?" मी म्हणाले. मग मला थांबता आलं नाही. "मंगळवारी तुला साधाच वाटला वाटतं. दारात उभी राहून माझ्या तोंडावर मारलास तो!"

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावर कळताना दिसलं मला.

"मी 'जाते' म्हणाले?"

"म्हणालीस."

"माझ्या लक्षात..." ती बोलता बोलता थांबली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेबाचा. तो फोनवरही टोपी घालून बसतो, मी पाहिलाय. ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, आणि मी कपाटातच राहिले. बाहेर यायला जागा होती, पण पाय निघत नव्हते. माझ्या गालाला कोटाची बाही लागत होती.

भिंगरीला घरात कोणी गप्प झालं की सहन होत नाही. ती कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. "आजी, तुझी यानं ऐकवू? अख्खी? आईने कापायच्या आधीची आहेत माझ्याकडे."

मी काही म्हणायच्या आत तिने लावलं. माझं मशीन. खडखडखडखड. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पायाखाली लय लागली. खूप वेळ चाललं. मग थांबलं. आणि थांबल्यावर सुनेचा आवाज आला, लांबून, अदबीने: "आई, आता दहा मिनिटं बंद ठेवता का? आतलं रेकॉर्ड करायचंय, आवाज पलीकडे येतो."

आणि मग माझा.

"माझं घर, माझं मशीन! आता मला विचारणार तू, कधी चालवू न् कधी नको? पटत नसेल तर जा!"

मग चप्पल घासल्याचा आवाज, दार, आणि पुन्हा मशीन. खडखडखडखड.

भिंगरीने पटकन बंद केलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, खडू उचलून नखं रंगवायला लागली.

मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण माझ्या आठवणीत मी फक्त रागावले होते. तो शब्द त्यात नव्हता. मी घासून पुसून ठेवला होता तो दिवस. 'जाते' हा शब्द या घरात सुनेने आणला म्हणून मी तीन दिवस तळमळत होते, आणि महिन्यापूर्वी 'जा' मीच घरात आणून ठेवला होता. पाहुण्याला म्हणत नाही आपण. दारातल्या मांजरालासुद्धा आधी दूध देतो.

वर पाहिलं तर सून दारात उभी होती. फोन हातात. तिने ऐकलं होतं.

"तेवढं पुसायचं राहिलं," ती म्हणाली. जशी काही चूक तिची होती.

आता इथे माफी मागायची असते, मला माहीत आहे. लोक मागतात. आमच्या घराण्यात ती कोणी मागितलेली मला ठाऊक नाही, आणि म्हातारपणी नवीन काम अंगावर घ्यायला मी तयार नव्हते. मी कागद सरळ केला.

"लाव ते माईकचं," मी म्हणाले. "परत एकदा घे."

"राहू दे, आई. मी भिंगरीकडून..."

"लाव म्हटलं ना."

तिने लावलं. मी बोट ठेवलंच नाही. डोळे मिटले, मुलाच्या कोटाची बाही मुठीत धरली आणि म्हणाले, "पृथ्वीच्या पोरांनो, तुम्ही जिंकलात. जातो आम्ही."

स्पष्ट. एका दमात. 'जा'चा जबडा अगदी खाली.

कानावरचे ते दोन गोळे सुनेने तसेच ठेवले होते, आणि तिच्या टेबलावरचा आरसा तिने उगाचच पालथा घातला. मी कपाटातून बाहेर आले, भिंगरीला म्हणाले, "चल गं, तुझ्या सगळ्या फ्रॉकांची लांबी बघायची आहे," आणि पुढच्या खोलीत गेले. एवढंच म्हटलं मी. पण मला वाटतं तिला समजलं की मला समजलंय.

शुक्रवारी सकाळपासून तिचं दार बंद. मी एका बाईच्या कोटाची बटणं लावत होते आणि घड्याळ बघत होते. नऊ, अकरा, एक. जेवायला आली नाही. मी ताट आत नेलं तर मान वर केली नाही, हातात पेन, समोर काचेवर राणी. आरसा सरळ उभा केलेला होता आणि त्यात बघून ती पुन्हापुन्हा तोंड करत होती, आवाज न काढता. ताट तसंच थंड झालं. चार वाजता मी चहा नेला. तेव्हा ती बोटं मोडत होती.

"झालं नाही का अजून? काल तर तोंडं काढून झालीत म्हणालीस."

"थोडं उसवून परत घातलं," ती म्हणाली. माझ्याच धंद्याचा शब्द माझ्यावर टाकला.

पाचला दहा मिनिटं असताना भाग गेला. पाच वाजून पाच मिनिटांनी टोपीवाला फोनवर. तिने फोन टेबलावर उभा केला होता, म्हणून मला पुढच्या खोलीत सगळं ऐकू आलं. बरं, पुढच्या खोलीत नाही. दारामागे.

"भाग चांगला झालाय," साहेब म्हणाला. "पण शेवट काय हा? राणी हरली, आणि 'येतो आम्ही' म्हणते?"

माझ्या हातातून बटण पडलं.

"हो," सून म्हणाली.

"आपलं ठरलं होतं 'जातो'. आणि ती हसते कशी? हरलेली बाई हसते?"

"हसत नाहीये, साहेब. 'ये' म्हणताना तोंड तसंच होतं. ओठ दोन्हीकडे ताणतात. आरशात बघा."

बहुतेक बघत होता.

"पण पोरांना वाटेल ना, फौज परत येणार. घाबरतील."

"तुम्ही आज सकाळी घरातून निघताना काय म्हणालात, साहेब?"

मग तो म्हणाला, "येतो म्हणालो." आणि खो खो हसला. "आणि माझी मुलगी घाबरली नाही. बरं, बरं. राहू दे. आवाज कोणाचा आहे हा?"

"कच्चा आहे. घरातला."

"जरा खरखरतो. उद्या बाईंचा घसा सुटेल म्हणतात, त्यांच्याकडून एवढी ओळ घेऊ."

म्हणजे माझा आवाज फेकून दिला, आणि शब्द ठेवून घेतला. खरखरतो म्हणे! चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून बोलले आहे मी, खरखरणार नाही तर काय बासरी वाजेल?

"आणि दुसरं?" साहेबाने विचारलं. "येताय ना इकडे?"

मी दारामागे कान लावून उभी. मला माहीत होतं काय उत्तर यायला हवं. सहा माणसं हाताखाली. तलाव. चार वर्षं ही बाई एका मेलेल्या माणसाच्या कोटांत तोंड खुपसून काम करत होती. तिच्या जागी मी असते तर कधीच गेले असते, मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं.

"येते," सून म्हणाली. "पण आधी घरात सांगायचंय."

मग तिने येऊन सांगितलं. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, जणू मी काहीच ऐकलेलं नाही. आणि मीही 'असं होय', 'बरं', 'मग' असं म्हणत ऐकून घेतलं. भिंगरी मधे मधे माझ्याकडे बघत होती, माझं नाटक तपासत होती. "तुम्हीही चला," असं सून म्हणाली. मी म्हणाले, मशीन आहे, गिऱ्हाइकं आहेत, आणि ज्या शहरात मला कोणी मावशी म्हणत नाही तिथे मी कोणाची कॉलर उलटू? तिने हट्ट केला असता तर मला आवडलं नसतं. नाही केला तेही फारसं आवडलं नाही.

शनिवारभर मी भिंगरीचे फ्रॉक केले. सात. प्रत्येकाला आतून चार बोटं दुमड ठेवली आणि माझा बारीक टाका घातला, जो दुसऱ्या कोणाला उसवता येत नाही, कापड फाटतं. "उंची वाढली की दुमड सोडायला लागेल," मी सुनेला म्हणाले. "तिथल्या कुठल्या शिंप्याला हात लावू देऊ नकोस. इकडे घेऊन ये. सहा महिने धर."

"ही सहा महिन्यांत चार बोटं वाढेल?"

"वाढव."

रविवारी सकाळी गाडी खाली उभी राहायच्या आधी तिने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि भाग दाखवला. पोरं, कुत्रा, आरसे. आकाशातून माझं मशीन उतरलं. शेवटी राणी मागे वळली, आणि त्या घसावाल्या बाईने, आवाज गोड आहे तिचा, नाव ठेवायला जागा नाही, म्हटलं, "येतो आम्ही." तिन्ही तोंडं दोन्हीकडे ताणली गेली. हरलेली, थकलेली, हिरवी बाई, आणि दिसत होती हसल्यासारखी. गच्च्यांवरून पोरांनी तिला हात हलवला. कुत्रा भुंकला नाही.

"कसं वाटलं?" सुनेने विचारलं.

"गाडी आली बघ," मी म्हणाले.

बॅग गेली, भिंगरी गेली, ती दोनदा परत वर आली, एकदा खडूंसाठी, एकदा माझा गाल ओला करायला. दोन्ही वेळा जिन्यातून ओरडली, "आजी, येते!" नऊ वर्षांची आहे, पण शिकवण आहे.

मग सून दारात. चपला घातलेल्या, पिशवी खांद्याला, तशीच मंगळवारसारखी. माझ्या मुलाचा एक कोट हातावर घेतलेला, कपाटातला मधला, मला न विचारता. मी तो दिसला नाही असं केलं. तिने तोंड उघडलं, मिटलं. जबडा खाली गेला, परत वर आला. खालून गाडीवाल्याने हॉर्न दिला. आणि ती माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत, घाईघाईने म्हणाली, "निघते, आई."

आणि वळली. दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

मी उठले. मशीनवर हात टेकून उठावं लागतं आता. दारापर्यंत गेले आणि गाडीवाल्याला, खालच्या मजल्यांना आणि मेलेल्या-जित्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, खरखरत्या तर खरखरत्या, तिला म्हणाले:

"निघते? निघायला तू काय एसटी आहेस? तीन तोंडांच्या बाईला बोलायला शिकवलंस, आणि स्वतःच्या एका तोंडाचं काय झालं? चित्रकलेत पास, बोलण्यात नापास. फेरपरीक्षा आत्ताच होईल, इथे, याच दारात. चढ वर त्या दोन पायऱ्या आणि नीट म्हण. रडत म्हटलंस तरी चालेल. तोंड हसल्यासारखंच होतं, तूच काढलं आहेस ते."